मखमली सशाची निर्माती : मार्जरी विल्यम्स बियांको

१

लहान मुलाचे आवडते खेळणे हरवणे ही प्रौढांच्या दृष्टीने क्षुल्लक घटना होय. कापडाचा एखादा ससा, भुसा भरलेले अस्वल किंवा चिंध्यांची बाहुली यांची बाजारातील किंमत अल्प असते आणि तिच्या जागी दुसरी वस्तू सहज आणता येते. मुलाच्या दृष्टीने मात्र ती वस्तू अदलाबदल करण्याजोगी नसते. तिचा वास, तिचा खरबरीतपणा, तिचा उसवलेला कान या सर्वांसह ती एकमेव असते आणि तिच्या अभावी झोप येत नाही. प्रौढांच्या आणि मुलाच्या मूल्यव्यवस्थेतील या अंतरावर विसाव्या शतकातील बालवाङ्मयाचा एक महत्त्वाचा प्रवाह उभा आहे. मार्जरी विल्यम्स बियांको यांची १९२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली ‘द व्हेल्व्हेटीन रॅबिट’ ही चित्रकथा त्या प्रवाहातील एक आरंभीची आणि आजही वाचली जाणारी कृती आहे.

या कृतीच्या कीर्तीने तिच्या निर्मातीचे चरित्र झाकोळून टाकले. बियांको या एका पुस्तकाच्या लेखिका म्हणून ओळखल्या जातात. त्यांनी चार दशके लेखन केले, प्रौढांसाठी कादंबऱ्या लिहिल्या, भाषांतरे केली आणि बालवाङ्मयाविषयी समीक्षात्मक विचार मांडला, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. दुसरे असे की, या पुस्तकाकडे केवळ प्रेमाच्या महतीची गोड गोष्ट म्हणून पाहिले गेले. त्यातील त्याग, विस्मरण आणि विनाशाची भीती ही बाजू उपेक्षित राहिली. लेखिकेच्या जीवनक्रमाचा विचार केल्यास ही उपेक्षित बाजूच त्या कृतीचा गाभा असल्याचे दिसून येते. तथापि जीवन आणि कृती यांचा संबंध सरळ कार्यकारणाचा मानणे धोक्याचे असते, हे भानही येथे राखावे लागते.

२

मार्जरी विल्यम्स यांचा जन्म २२ जुलै १८८१ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील रॉबर्ट विल्यम्स हे बॅरिस्टर होते आणि अभिजात भाषांचे अभ्यासक म्हणूनही त्यांची ख्याती होती. मुलांच्या शिक्षणाविषयी त्यांची मते रूढ कल्पनांहून वेगळी होती. मुलाला लवकर वाचायला शिकवावे, परंतु वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्याच्यावर नियमित शालेय शिक्षणाचे ओझे लादू नये, असे ते मानीत. मार्जरी यांची बहीण त्यांच्यापेक्षा बरीच मोठी असल्याने घरात बरोबरीचा सवंगडी नव्हता. वडिलांचा ग्रंथसंग्रह आणि खेळणी हेच त्यांचे सोबती झाले. जॉन जॉर्ज वुड यांच्या प्राणिसृष्टीवरील सचित्र ग्रंथाचे जाडजूड खंड त्यांच्या विशेष आवडीचे होते. प्राण्यांच्या शरीररचनेचे आणि सवयींचे सूक्ष्म भान त्यांच्या पुढील लेखनात सर्वत्र आढळते. त्याचे मूळ या वाचनात शोधता येते.

१८८८ मध्ये, मार्जरी सात वर्षांच्या असताना, वडिलांचा मृत्यू झाला. या घटनेने घराची घडी विसकटली. १८९० मध्ये कुटुंब अमेरिकेत गेले. प्रथम न्यूयॉर्क आणि नंतर पेनसिल्व्हेनियातील ग्रामीण परिसर असा त्यांचा प्रवास झाला. लंडनमधील बंदिस्त घरातून शेतावरील मोकळ्या जीवनात झालेले हे स्थलांतर नऊ वर्षांच्या मुलीला दोन परस्परविरोधी अनुभव देणारे ठरले. एकीकडे परिचित जग कायमचे मागे पडले, तर दुसरीकडे पुस्तकातून पाहिलेले पशुपक्षी प्रत्यक्ष समोर आले. शॅरन हिल येथील कॉन्व्हेंट शाळेत १८९८ पर्यंत त्यांचे शिक्षण झाले. औपचारिक शिक्षण येथेच संपले आणि सुमारे सतराव्या वर्षी लेखन हाच व्यवसाय करण्याचा त्यांचा निश्चय झाला.

बालपणीच्या या दोन घटनांना, म्हणजे पितृवियोगाला आणि देशांतराला, बियांको यांच्या चरित्रकारांनी महत्त्व दिले आहे. त्यांच्या लेखनात आरंभापासून जाणवणारी विषादाची छटा या वियोगातून आली, असे सामान्यतः मानले जाते. हे मत पूर्णतः नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यात थोडी भर घालणे आवश्यक आहे. त्यांच्या कथांतून केवळ गमावण्याचे दुःख येत नाही. गमावलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हा प्रश्नही येतो. मागे राहिलेल्याच्या दुःखापेक्षा जो मागे टाकला गेला त्याच्या दुःखाकडे त्यांची दृष्टी अधिक वळते. वडील गमावलेली मुलगी मागे राहिलेली होती. देश सोडणारी मुलगी मागे टाकणारीही होती. या दुहेरी अनुभवाने त्यांना दोन्ही बाजू दिसल्या असणे शक्य आहे.

३

लेखनाचा आरंभ मात्र बालवाङ्मयाने झाला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मार्जरी इंग्लंडला परतल्या आणि १९०२ मध्ये ‘द लेट रिटर्निंग’ ही त्यांची पहिली कादंबरी लंडन येथे प्रसिद्ध झाली. त्यावेळी त्यांचे वय अवघे एकवीस होते. त्यापाठोपाठ ‘द प्राइस ऑफ यूथ’ (१९०४) आणि ‘द बार’ (१९०६) या कादंबऱ्या आल्या. या तिन्ही कादंबऱ्या प्रौढ वाचकांसाठी होत्या आणि त्यांपैकी एकीलाही उल्लेखनीय यश लाभले नाही. तरुण लेखिकेला प्रकाशक मिळाला, पण वाचक मिळाला नाही, असे या पर्वाचे वर्णन करता येईल.

१९०४ मध्ये मार्जरी यांचा विवाह फ्रान्सेस्को बियांको यांच्याशी झाला. फ्रान्सेस्को हे इटालियन गृहस्थ दुर्मीळ ग्रंथांचे जाणकार आणि व्यापारी होते. या दांपत्याला चेक्को हा मुलगा आणि पामेला ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली. पामेलाचा जन्म डिसेंबर १९०६ चा. १९०७ मध्ये कुटुंबाने इंग्लंड सोडले. पॅरिसमध्ये फ्रान्सेस्को यांनी ब्रेन्टानो या प्रसिद्ध पुस्तकविक्री संस्थेच्या दुर्मीळ ग्रंथ विभागाचे काम पाहिले. पुढे कुटुंब इटलीतील ट्युरिन येथे स्थायिक झाले. या काळात मार्जरी यांनी मुलांच्या संगोपनाला प्राधान्य दिले आणि लेखन मागे पडले.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी ‘द थिंग इन द वूड्स’ ही भयकथेच्या वळणाची कादंबरी लिहिली. पेनसिल्व्हेनियातील अरण्यप्रदेशाच्या पार्श्वभूमीवर तिचे कथानक घडते. पुढे १९२४ मध्ये ती अमेरिकेत हार्पर विल्यम्स या टोपणनावाने पुन्हा प्रसिद्ध झाली. मखमली सशाची कथा लिहिणाऱ्या लेखिकेने स्वतःची भयकादंबरी टोपणनावाआड ठेवावी, ही बाब लक्षणीय आहे. बाललेखिका म्हणून नव्याने लाभलेल्या प्रतिमेचे जतन हे त्यामागील एक कारण असू शकते. मात्र अज्ञाताची भीती हा त्यांच्या प्रतिभेचा एक स्थायी घटक होता. बालकथांतही तो पुसला गेला नाही, फक्त सौम्य झाला.

४

महायुद्धाने या कुटुंबाच्या जीवनात मोठी उलथापालथ केली. फ्रान्सेस्को इटालियन सैन्यात दाखल झाले. मार्जरी ट्युरिनमध्ये दोन मुलांसह राहिल्या. युद्धकाळातील आणि युद्धोत्तर टंचाईच्या वर्षांत त्यांनी इंग्रजी कवी वॉल्टर डे ला मेअर यांच्या कवितेचा आधार घेतला. डे ला मेअर यांना त्या आपले आध्यात्मिक मार्गदर्शक मानीत. बालकाच्या मनाचे गूढ, गंभीर आणि अर्धप्रकाशित रूप रंगवणाऱ्या या कवीकडून त्यांनी कोणता धडा घेतला असेल, याचा अंदाज त्यांच्या पुढील लेखनावरून बांधता येतो. मुलांसाठी लिहिताना मृत्यू, एकाकीपण आणि विस्मृती हे विषय वर्ज्य करण्याची गरज नाही, हा तो धडा होय.

याच काळात कुटुंबात एक अनपेक्षित घटना घडली. पामेला या मुलीची चित्रकलेतील असामान्य गती प्रकट झाली. १९१८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत, तिची चित्रे ट्युरिन येथील प्रदर्शनात मांडली गेली. १९१९ मध्ये लंडनच्या लेस्टर गॅलरीज येथे तिचे प्रदर्शन भरले आणि ते गाजले. त्याच वर्षी ‘फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पामेलाच्या चित्रांसाठी डे ला मेअर यांनी कविता लिहिल्या होत्या. ज्या कवीला आई गुरुस्थानी मानीत होती, त्याने मुलीच्या रेषांना शब्द द्यावेत, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

१९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या अँडरसन गॅलरीज येथे पामेलाचे प्रदर्शन झाले. त्यानिमित्ताने कुटुंब अमेरिकेत आले आणि ग्रीनिच व्हिलेज या कलावंतांच्या वस्तीत राहू लागले. या टप्प्यावर मार्जरी यांची स्थिती कशी होती, हे ध्यानात घ्यावे लागते. त्यांचे वय चाळीस होते. प्रौढ कादंबरीकार म्हणून त्यांच्या पदरी अपयश आले होते. घरातील प्रसिद्धीचा झोत त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीवर होता. आपल्या मुलीचे बालपण झपाट्याने मागे पडत असल्याचे आणि त्याच वेळी ते सार्वजनिक कौतुकाचा विषय झाल्याचे त्या पाहत होत्या. घरातील खेळणी अडगळीत गेली होती. अशा वेळी मुलांच्या आणि स्वतःच्या लहानपणच्या खेळण्यांची आठवण त्यांच्या मनात पुन्हा जागी झाली आणि त्या आठवणीतून त्यांना आपला खरा विषय सापडला.

५

‘द व्हेल्व्हेटीन रॅबिट’ ही कथा प्रथम १९२१ मध्ये ‘हार्पर्स बझार’ या नियतकालिकात पामेलाच्या चित्रांसह आली. १९२२ मध्ये ती न्यूयॉर्क येथे जॉर्ज एच. डोरन आणि लंडन येथे हाइनमन यांनी ग्रंथरूपाने काढली. ग्रंथासाठी चित्रे काढली ती विल्यम निकल्सन या प्रथितयश इंग्रज चित्रकाराने. खेळणी खरी कशी होतात, असा आशय सांगणारे उपशीर्षक या पुस्तकाला आहे आणि ते फ्रान्सेस्को यांना अर्पण केलेले आहे.

कथानक थोडक्यात असे. नाताळच्या सकाळी एका मुलाला भेटींत सुती मखमलीचा, भुसा भरलेला ससा मिळतो. मुलाला नाव नाही. तो संपूर्ण कथेत केवळ मुलगा म्हणूनच वावरतो. दोन-एक तास लाड झाल्यावर ससा विसरला जातो आणि खेळण्यांच्या कपाटात जाऊन पडतो. तेथे चावीची यांत्रिक खेळणी त्याला तुच्छ लेखतात. पार झिजलेला एक वृद्ध कातडी घोडा मात्र त्याला खरे होणे म्हणजे काय ते समजावतो. जी वस्तू मुलाकडून दीर्घकाळ प्रेम मिळवते तीच खरी होते, ते होताना तिची लव झडते, सांधे सैल होतात आणि कधी वेदनाही होतात, असे त्याचे प्रतिपादन आहे.

पुढील भाग हरवलेल्या खेळण्याच्या विषयाशी थेट संबद्ध आहे. एका रात्री मुलाचा झोपताना जवळ घेण्याचा चिनी मातीचा कुत्रा सापडत नाही. शोधाशोध करण्यास वेळ नसल्याने दाई हाताला लागलेला ससा मुलाच्या हाती देते. म्हणजे सशाचे भाग्य उजळते ते दुसरे खेळणे हरवल्यामुळे. त्यानंतर ससा मुलाचा नित्याचा सोबती होतो. एका संध्याकाळी तो बाहेर हिरवळीवर विसरला जातो. त्याच्यावाचून मुलगा झोपत नाही म्हणून दाईला मेणबत्ती घेऊन अंधारात त्याचा शोध घ्यावा लागतो. एका खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, या तिच्या कुरकुरीला उत्तर देताना मुलगा ससा खरा असल्याचे ठामपणे सांगतो. हरवणे, शोध आणि सापडणे या साखळीतून वस्तूचे मूल्य सिद्ध होते. हे सूत्र नंतरच्या अनेक चित्रपुस्तकांत आढळते. बियांको यांनी ते कथेच्या मध्यावरच संपवले आणि त्यापलीकडचा प्रश्न हाती घेतला.

मुलाला लाल ज्वर होतो. आजारात ससा त्याच्या पांघरुणात असतो. मुलगा बरा होतो, पण डॉक्टरांच्या आज्ञेवरून जंतुसंसर्ग झालेल्या सर्व वस्तू जाळायच्या ठरतात. सशाला पोत्यात भरून कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकले जाते. मुलाला नवा ससा मिळतो आणि दुसऱ्या दिवशी समुद्रकिनारी जाण्याच्या आनंदात त्याला जुन्याची आठवणही होत नाही. पोत्यातील सशाच्या डोळ्यांतून एक खरा अश्रू गळतो, त्या जागी एक फूल उगवते आणि त्यातून प्रकटलेली परी त्याला जिवंत ससा बनवते. पुढील वसंतात मुलगा त्या रानसशाला पाहतो. त्याचे आपल्या जुन्या सशाशी साम्य आहे, एवढेच त्याला वाटते. तोच तो आहे हे त्याला कधीच कळत नाही.

६

या कथेतील आजाराचा प्रसंग आजच्या वाचकाला अतिशयोक्त वाटण्याची शक्यता आहे. परंतु लाल ज्वर हा त्या काळी बालमृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होता. कपडे, पुस्तके, खेळणी यांतून त्याचा प्रसार होतो या समजुतीने रुग्णाच्या वापरातील वस्तू जाळल्या किंवा निर्जंतुक केल्या जात. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे हा रोग होतो, हे जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक यांनी पुस्तकाच्या प्रकाशनानंतर, १९२३-२४ च्या सुमारास सिद्ध केले. पेनिसिलीनचा सार्वत्रिक वापर तर १९४० नंतरचा. म्हणजे सशावरील संकट कल्पनेतील दुष्ट शक्तीकडून येत नाही. ते विज्ञान, आरोग्य आणि मुलावरील प्रेम यांच्याकडूनच येते. कथेत कोणीही खलपुरुष नाही. डॉक्टर आपले कर्तव्य करतो आणि दाई आज्ञा पाळते. प्रेमाच्या वस्तूचा नाश प्रेमापोटीच व्हावा, हा कथेतील खरा पेच होय.

खेळण्यांचा इतिहासही येथे विचारात घ्यावा लागतो. भरीव, मऊ, कापडी खेळण्यांचे कारखानदारी उत्पादन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. जर्मनीतील गिंगन येथील मार्गारेट स्टाइफ यांनी १८८० च्या सुमारास फेल्टचे हत्ती तयार केले. १९०२ च्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या शिकारीवर क्लिफर्ड बेरीमन यांनी व्यंगचित्र काढले आणि त्यातून टेडी अस्वलाची लाट आली. १९०३ मध्ये बिअॅट्रिक्स पॉटर यांनी आपल्या पीटर सशाच्या बाहुलीचे पेटंट घेतले. थोडक्यात, बियांको यांच्या मुलांच्या पिढीला मऊ खेळणे हे बिछान्यातील सोबती म्हणून व्यापक प्रमाणात मिळू लागले होते. एकाच साच्यातून निघालेल्या अनेक वस्तूंपैकी एक अद्वितीय कशी ठरते, हा प्रश्न कारखानदारी युगातच इतक्या तीव्रतेने उभा राहू शकतो. कथेतील नवा ससा जुन्याची जागा घेतो तेव्हा हाच प्रश्न ऐरणीवर येतो.

मानसशास्त्राने या विषयाची दखल बऱ्याच उशिरा घेतली. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी आपला प्रसिद्ध निबंध १९५१ मध्ये वाचला आणि तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोधडीचा तुकडा किंवा मऊ खेळणे ही मुलाची पहिली स्वकीय वस्तू असते. ती धड अंतर्विश्वातील नसते आणि धड बाह्य जगातीलही नसते. ती खरी की कल्पित, हा प्रश्न प्रौढांनी मुलाला विचारायचा नसतो. कालांतराने तिचे महत्त्व आपोआप विरत जाते, तिच्यासाठी शोक केला जात नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. बियांको यांच्या कथेतील दाईची कुरकुर, मुलाचे ठाम उत्तर आणि शेवटी त्याचे शोकाविना पुढे जाणे हे सर्व या सिद्धांताच्या तीस वर्षे आधी लिहिले गेले. मात्र विनिकॉट यांची दृष्टी मुलावर केंद्रित आहे. बियांको यांनी मुलाला जाऊ दिले आणि त्या वस्तूजवळ थांबल्या. मुलाच्या निरोगी वाढीसाठी जे विस्मरण आवश्यक असते, त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारण्याचा अधिकार साहित्याचा आहे आणि तो त्यांनी बजावला.

परीच्या प्रवेशाने कथेचा शेवट दुबळा झाला, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप निराधार नाही. प्रेमाने खरे झालेल्या सशाला पुन्हा जादूने खरे करण्याची गरज का पडावी, हा तार्किक प्रश्न उरतोच. परंतु कथेत खरेपणाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिला खरेपणा मुलाच्या नजरेवर अवलंबून असतो आणि ती नजर वळताच तो संकटात येतो. दुसरा खरेपणा कोणाच्याही नजरेवर अवलंबून नसतो. ससा स्वतःच्या पायांवर उडी मारतो तेव्हा तो कोणाचेही खेळणे राहत नाही. परीची योजना कलादृष्ट्या सोयीची असली, तरी या दुसऱ्या पायरीवाचून कथा केवळ परावलंबी प्रेमाची कथा ठरली असती.

७

या पुस्तकाच्या घडणीत निकल्सन यांच्या चित्रांचा वाटा मोठा आहे. ठसठशीत आकार, मोजके रंग आणि भरपूर मोकळी जागा ही त्यांची वैशिष्ट्ये होत. चित्रे संख्येने थोडी आहेत. त्यामुळे काटेकोर अर्थाने हे चित्रपुस्तक नव्हे. शब्द येथे चित्रांवर विसंबत नाहीत. सचित्र कथा आणि चित्रपुस्तक यांच्या सीमेवर ते उभे आहे. निकल्सन यांनी १९२६ मध्ये स्वतः लिहिलेले आणि चितारलेले ‘क्लेव्हर बिल’ हे पुस्तक मात्र निखळ चित्रपुस्तक आहे. त्यात प्रवासाला निघालेली मुलगी आपला खेळण्यातील शिपाई सामानात घ्यायला विसरते आणि तो शिपाई धावत जाऊन तिला गाठतो. मागे राहिलेल्या खेळण्याचा हाच विषय निकल्सन यांनी विनोदाच्या आणि गतीच्या अंगाने हाताळला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता एकाच आशयसूत्रातून किती भिन्न भाववृत्ती निर्माण होऊ शकते, हे स्पष्ट होते.

८

यशानंतर बियांको यांनी खेळण्यांच्या विश्वावर आणखी काही पुस्तके लिहिली. १९२५ मध्ये पामेलाच्या चित्रांसह ‘द लिटल वूडन डॉल’ आणि आर्थर रॅकहॅम यांच्या चित्रांसह ‘पुअर चेक्को’ ही पुस्तके आली. पहिल्यात माळ्यावर विसरलेली लाकडी बाहुली आहे, तर दुसऱ्याचा नायक लाकडी कुत्रा आहे आणि त्याला लेखिकेच्या मुलाचे नाव लाभले आहे. ‘द स्किन हॉर्स’ (१९२७) या पुस्तकात रुग्णालयातील मूल आणि जुना घोडा यांची कथा येते. या पुस्तकालाही पामेलाचीच चित्रे आहेत. आई शब्द लिहिते आणि मुलगी रेषा काढते, हे सहकार्य बालवाङ्मयाच्या इतिहासात विरळा आहे. प्रसिद्धीच्या दडपणाखाली वाढणाऱ्या मुलीशी आईने राखलेला संवाद म्हणूनही या पुस्तकांकडे पाहता येईल.

यानंतर त्यांनी विषयांचा विस्तार केला. ‘ऑल अबाउट पेट्स’ (१९२९) हे पाळीव प्राण्यांविषयीचे माहितीपर पुस्तक आहे. त्याच वर्षी फ्रेंच लेखक ब्लेझ सांद्रार यांच्या आफ्रिकी कथांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर प्रकाशित झाले. ‘अ स्ट्रीट ऑफ लिटल शॉप्स’ (१९३२) मध्ये छोट्या गावातील दुकानांच्या विनोदी कथा आहेत. जेम्स क्लॉइड बोमन यांच्यासह त्यांनी फिनलंडच्या लोककथांचा संग्रह (१९३६) सिद्ध केला. त्याच वर्षीच्या ‘विंटरबाउंड’ या किशोर कादंबरीत कनेटिकटमधील कडक हिवाळ्यात दोन बहिणी धाकट्या भावंडांसह घर चालवतात. १९३७ मध्ये न्यूबेरी पदकाच्या मानकऱ्यांत या कादंबरीची सन्माननीय कृती म्हणून गणना झाली. येथे ना खेळणी आहेत ना परी. आहेत ते सरपण, उधारी आणि थंडी. दुःखातून जादूने सुटका करणाऱ्या लेखिकेने सुटकेचा भार आता माणसांच्या श्रमावर सोपवला, ही वाटचाल महत्त्वाची आहे. ‘ब्राइट मॉर्निंग’ (१९४२) मध्ये त्या पुन्हा व्हिक्टोरियाकालीन लंडनमधील दोन बहिणींच्या बालपणाकडे, म्हणजे बऱ्याच अंशी स्वतःच्या बालपणाकडे, वळल्या.

अमेरिकेत १९२४ साली सुरू झालेल्या ‘द हॉर्न बुक’ या बालवाङ्मयविषयक नियतकालिकाच्या वर्तुळाशी त्यांचा निकटचा संबंध होता. मुलांसाठी लिहिणे म्हणजे खाली वाकून लिहिणे नव्हे, ही त्यांची भूमिका त्यांच्या समीक्षालेखनातून दिसते. कल्पनाविश्वाला स्वतःचे तर्कशास्त्र असावे लागते आणि लेखकाचा त्यावर विश्वास असावा लागतो, यावर त्यांचा भर होता.

दुसरे महायुद्ध चालू असताना, ४ सप्टेंबर १९४४ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मार्जरी बियांको यांचे निधन झाले. १९५१ मध्ये अॅन कॅरोल मूर आणि बर्था महोनी मिलर यांनी त्यांच्या स्मरणार्थ संपादित केलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. बालग्रंथालय चळवळीतील या दोन अग्रणी स्त्रियांनी केवळ एका पुस्तकाची नव्हे तर एका साहित्यदृष्टीची नोंद घेतली, हे त्या ग्रंथाचे मोल आहे.

९

त्यानंतरच्या काळात ‘द व्हेल्व्हेटीन रॅबिट’ची लोकप्रियता वाढतच गेली. अनेक चित्रकारांनी त्याला नव्याने चित्रे दिली. १९८५ मध्ये मेरिल स्ट्रीप यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण निघाले आणि २०२३ मध्ये त्यावर एक नवा चित्रपट आला. कातडी घोड्याचे बोल विवाहप्रसंगी वाचले जाऊ लागले. या सार्वत्रिक स्वीकारात एक गोष्ट हरवली. घोड्याचे बोल कथेतून काढून सुभाषितासारखे वापरले गेल्याने त्यांच्यानंतर येणारे पोते, खुराडे आणि मुलाचे विस्मरण मागे पडले. प्रेमाने वस्तू खरी होते, एवढेच लक्षात राहिले. खरी झालेली वस्तू अधिक असुरक्षित होते, हे विसरले गेले. हरवलेल्या खेळण्यावरील पुस्तकाचा महत्त्वाचा अर्थच अशा रीतीने हरवला.

मार्जरी बियांको यांच्या जीवनक्रमातून या अर्थाला आधार मिळतो. सातव्या वर्षी वडील, नवव्या वर्षी देश, तारुण्यात कादंबरीकार म्हणून अपेक्षित असलेली कीर्ती आणि मध्यम वयात मुलांचे बालपण असे एकामागून एक त्यांच्या हातून निसटत गेले. तरीही त्यांच्या कथेतील सशाची व्यथा ही त्यांच्या एकट्या जीवनाची प्रतिकृती नव्हे. मुलाला दोष न देता त्याने टाकलेल्या वस्तूची बाजू मांडणे, हे त्यांचे कलात्मक धैर्य होते. प्रत्येक प्रौढ माणूस कधी काळी कोणत्या तरी सशाला विसरूनच मोठा झालेला असतो. त्या विस्मरणाची निर्भर्त्सना न करता त्याची जाणीव करून देणारे लेखन बालवाङ्मयात विरळच आढळते. बालवाङ्मयाचा अभ्यास करताना त्यातील उपदेशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्यातील अशा अनुच्चारित दुःखाकडे लक्ष द्यावे लागते, याचा प्रत्यय बियांको यांचे जीवन आणि लेखन एकत्र वाचल्यावर येतो.